गोरखचिंचेची गोधडी

राणीच्या बागेत गोरखचिंचेसमोर, म्हणजे बाओबाबच्या झाडासमोर, मी वही उघडून बसले तेव्हा झाडावर एकही पान नव्हतं. एप्रिलचा पहिला आठवडा, सकाळचे आठ. उन्हाळ्यात हे झाड असंच असतं. वर्षातले कितीतरी महिने निष्पर्ण उभं राहायचं आणि खोडात साठवलेल्या पाण्यावर तग धरायचा, ही त्याची रीत. पानं नसली की खोड पुरतं दिसतं, आणि गोरखचिंचेत बघायचं ते खोडच. ए-फोर आकाराच्या वहीत ०.४च्या काळ्या पेनाने मी ते काढत होते. फांदी जिथून फुटते तिथे सालीला चुण्या पडतात, कोपर दुमडल्यावर सदऱ्याच्या बाहीला पडतात तशा. त्या चुण्या काढता काढता मनात आलं, ही तर गोधडी आहे. कुणीतरी जाड गोधडी गुंडाळून उभी करून ठेवलीय.

घरी पोचेपर्यंत ठरलं होतं की हे चित्र कापडात करायचं. भिंतीवर लावायची क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून, थर घालून शिवलेली गोधडीच. ब्लाउज, परकर, पडदे मी घरीच शिवते. लहानपणी आजीबरोबर गोधडीला टाके घातलेत, आणि गेली ६ वर्षं दर रविवारी स्केचिंगला जाते. चित्र मोठं करायचं, त्याबरहुकूम कापडं कापायची, जोडायची, टाके घालायचे. महिनाभराचं काम, असा माझा हिशोब होता. लागले साडेपाच महिने.

फोर्टात आर्किटेक्ट लोकांचे नकाशे छापून देणारी दुकानं आहेत. तिथे चित्र स्कॅन करून त्याची ए-झीरो प्रिंट काढली. ए-फोरची लांबी आणि रुंदी चौपट केली की बरोबर ए-झीरो होतो, साधारण ८४ बाय ११९ सेंटिमीटर. ती सुरळी काखेत मारून बसने लालबागला आले आणि कपाटाच्या दारावर प्रिंट चिकटवली. चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि पोटात गोळाच आला. खोड गायब झालं होतं. वहीत ०.४ मिलिमीटरची असलेली रेघ आता दीड मिलिमीटरच्या वर गेली होती, सुतळीएवढी. कागदावर बारीक रेघा एकमेकींवर टाकून जी सावली तयार केली होती, ती सावली राहिलीच नव्हती. उरलं होतं सुतळ्यांचं जाळं.

दोन दिवस मी त्या रेघांशी झगडले. कुठली ठेवायची, कुठली काढायची. मग डोळे किलकिले करून बघितलं तेव्हा रेघा पुसट झाल्या आणि गडद-फिक्याचे पट्टे तेवढे उरले. खोडाची डावी बाजू उन्हात, उजवी सावलीत, मध्ये दोन पायऱ्या. म्हणजे छटा चारच होत्या. प्रिंटवर बटर पेपर टाकला आणि त्या चार छटांच्या सीमा तेवढ्या आखल्या. सालीची एकही रेघ घेतली नाही. खोड आणि फांद्या मिळून ५७ तुकडे झाले. प्रत्येकावर नंबर, छटेचं अक्षर आणि कापडाचा उभा धागा कुठल्या दिशेला ठेवायचा त्याचा बाण. हा बाण विसरू नये. खोडाचा लांब तुकडा उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापला गेला तर टांगल्यावर स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो.

माझं चित्र रेघांचं होतं, आणि पहिल्याच पायरीवर मला सगळ्या रेघा सोडून द्याव्या लागल्या. ते फार जड गेलं.

कापडासाठी आधी मंगलदास मार्केटला गेले. साधा कॉटन, पॉपलिन, केंब्रिक भरपूर, पण मला हवे होते एकाच राखाडीचे आठ-दहा प्रकार, आणि तेही थोडे थोडे. ते मिळाले दादरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये. टू बाय टू रुबियाचे गठ्ठे भिंतभर लावलेले. दुकानदाराने नेहमीप्रमाणे साडी मागितली. मी चित्राचा फोटो दाखवला आणि सांगितलं, ह्या खोडासाठी हवंय. त्यांनी एक शब्द न बोलता सात राखाडी काढले, ते घेऊन दुकानाच्या पायरीवर उजेडात गेले आणि एकेकाचं टोक धरून सांगायला लागले. "ह्यात निळा आहे, हा थंड दिसेल. ह्यात पिवळा आहे, हा उन्हात चालेल. हा उंदरी, हा सावलीला घ्या." दिवसभर ब्लाउजपीस जुळवणाऱ्या माणसाची नजर किती तयार असते! रंगाबद्दल त्या दहा मिनिटांत मला जे शिकायला मिळालं ते कुठल्या वर्गात मिळालं नसतं. पाव मीटरपेक्षा कमी फाडत नाहीत, म्हणून प्रत्येकी पाव मीटर घेतलं.

रुबिया पातळ आणि घट्ट विणीचा असतो, त्यामुळे कडा सुबक दुमडते. पण फिका रुबिया गडद कापडावर बसवला की खालचं कापड वर डोकावतं. माझ्या उन्हातल्या बाजूला अशी काळपट झाई यायला लागली, तेव्हा तिथल्या सगळ्या तुकड्यांना आतून पांढरं अस्तर लावावं लागलं.

एवढे राखाडी लावूनही खोड मेलेलं दिसत होतं, भिंतीला ऑइल पेंट मारावा तसं सपाट. त्यात जीव आला तो ह्यांच्या जुन्या शर्टांमुळे. पट्ट्यापट्ट्यांचे दोन शर्ट होते, धुवून धुवून मऊ झालेले. त्यांचे पट्टे उभे ठेवून मधल्या छटांमध्ये घातले आणि सालीचा उभा ओघ एकदम दिसायला लागला. विणीतच रेघ होती, मला काढावी लागली नाही. तेव्हापासून प्रत्येक तुकडा बसवायच्या आधी मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढायची सवय लागली. रंग डोळ्याला फसवतो. काळ्या-पांढऱ्यात एखादा तुकडा शेजारच्यात मिसळून गेला तर छटा चुकली, लगेच बदलायचा.

आकाशासाठी निळा घ्यायचा मोह झाला होता. पण मुंबईचं एप्रिलमधलं आकाश निळं नसतं, पांढुरकं, किंचित पिवळट असतं. आईची एक विटलेली मलमलची साडी नेमकी त्या रंगाची होती. खाली कोपऱ्यात बोगनवेल हवी होती, त्यासाठी नवं गुलबक्षी कापड आणलं. पांढरा रुमाल ओला करून त्यावर ठेवला, वरून इस्त्री फिरवली, तर रुमाल गुलाबी झाला. तीन वेळा मिठाच्या पाण्यात घातलं तरी रंग जातच राहिला. ते बाजूला ठेवलं आणि वर्षानुवर्षं धुतलेल्या एका ओढणीचे तुकडे वापरले. पुढे ही क्विल्ट भिजवावी लागली तेव्हा त्या रुमालाची फार आठवण आली.

तुकडे कसे बसवायचे ह्याचे दोन मार्ग. एक, दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाळी कापडाच्या उलट बाजूला इस्त्रीने बसवायची, आकार कापायचा आणि कागद काढून चिकटवायचा. झटपट काम. फक्त ह्यात आकार उलटा आखावा लागतो. मी पहिल्या दिवशी सुलटाच आखला आणि उजवीकडे झुकलेली मोठी फांदी कापून झाल्यावर डावीकडे झुकली. आठ तुकडे गेले. दुसरा मार्ग जुना. चहूबाजूंनी अर्ध्या सेंटिमीटरचं मार्जिन ठेवून कापायचं, सुईच्या टोकाने कडा आत सारत बारीक लपवटाके घालायचे. बारीक डहाळ्या मी चिकटवल्या, खोड आणि मोठ्या फांद्या दुमडून शिवल्या. दुमडलेल्या कडेला किंचित फुगीर उंची येते आणि तिच्या कडेने सावली पडते. चिकटवलेलं कापड मात्र कागदासारखं चपटं राहतं.

ह्यात मे संपला. जूनमध्ये गावी लग्न निघालं. अर्ध्या टाचण्या लावलेलं काम घडी घालून कपाटात ठेवलं आणि १५ दिवसांनी पाऊस सुरू झाल्यावर परत आले. घडी उलगडली तर टाचण्यांना गंज चढलेला. मुंबईच्या पावसाळ्यात लोखंड कसं होतं हे जन्मभर पाहिलेल्या माझ्यासारखीला हे आधी सुचायला हवं होतं. आईच्या साडीच्या आकाशावर तीन तांबूस ठिपके. लिंबू-मीठ लावून बघितलं. ठिपके फिके झाले, पण भोवती पाण्याची कडी उमटली. त्या रात्री मला झोप लागली नाही. कापड दुसरं आणता येतं, पण ती साडी एकच होती.

रविवारी पुन्हा राणीच्या बागेत गेले. झाड ओळखू येईना. हाताच्या बोटांसारखी पाच-पाच दलांची पानं सगळीकडे फुटलेली, चुण्या झाकल्या गेलेल्या. बाकावर बसून मोबाइलमधले एप्रिलचे फोटो काढून बघत होते, तेव्हा दिसलं की वरच्या फांदीवर लांब देठाला लोंबणारी दोन फळं तेव्हा होती. चित्र काढताना ती मला नको वाटली होती, मध्येच लोंबतात म्हणून वगळली होती. घरी येऊन शेवाळी-तपकिरी कापडाची दोन फळं केली आणि दोन ठिपक्यांवर बसवली. तिसरा ठिपका अशा ठिकाणी आहे की तिथे काही असण्याचं कारण नाही. तो ठेवला.

मग आला पोटातला थर. क्विल्टचे थर तीन: वरचं चित्र, मधलं भरण, खालचं अस्तर. मधे घालायला बाजारात पॉलिस्टरची फायबर शीट मिळते, ती मी जाडसर आणली. नमुना शिवला तर तो थंडीच्या जॅकेटसारखा फुगला. टाक्यांमधला भाग फुगा आणि टाक्याची जागा खड्डा. तो नमुना घेऊन मी खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे गेले. मावशी जुन्नरकडच्या. लोकांनी दिलेल्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देतात, ४० वर्षं तेच काम.

त्यांनी नमुना हातात दाबला आणि माझ्याकडे बघितलं. "ह्याच्यात सुई जाती, पण दोरा बसत न्हाई. आत लुगडं घाल जुनं. दोन थर."

मग विचारलं, "मोठी किती?"

मी हाताने दाखवलं आणि म्हटलं, भिंतीवर लावायचीय.

"भिंतीवर? मग पांघरणार कोण?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. घरी येऊन विचार करत राहिले. बाहेरही हा प्रश्न पडला असणारच. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने अमेरिकेतल्या घरोघरच्या जुन्या क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, त्यानंतर त्यांच्याकडे कला म्हणून बघणं पुष्कळ वाढलं. पण त्याच्याही कितीतरी आधी, १८८६च्या सुमारास, जॉर्जियातल्या हॅरिएट पॉवर्स ह्या गुलामगिरीत जन्मलेल्या बाईने बायबलमधल्या कथा कापडाच्या आकृत्या कापून क्विल्टवर शिवल्या होत्या. पुढे पैशांची अडचण आली तेव्हा ती तिने ५ डॉलरला विकली, आणि आज ती वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे. त्या क्विल्टचा फोटो मी पुष्कळ वेळ बघितला. सपाट कापलेली माणसं, सपाट जनावरं, आणि त्यांना हलती ठेवणारे टाके. पांघरायचं की लावायचं हा प्रश्न तिने स्वतःला विचारला असेल असं मला वाटत नाही. तिला ते सांगायचं होतं.

मावशींना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की पांघरणार कुणी नाही, पण शिवायची गोधडीसारखीच. त्या म्हणाल्या, "मंग ये घेऊन."

आत मऊ नऊवारीचे दोन थर, खाली कोरा मांजरपाट. थर जोडायला सपाट जमीन लागते, आणि आमच्या खोलीत ती दिवाण उभा केल्याशिवाय मिळत नाही. दिवाण भिंतीला टेकवला, मांजरपाट ताणून त्याच्या कडा फरशीला मास्किंग टेपने चिकटवल्या. वर लुगडं, वर चित्र. पंखा बंद, कारण वाऱ्याने मलमल उडते. मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने चार-चार बोटांवर कच्चा दोरा घातला. मधून बाहेर जायचं कारण, थरांमध्ये अडकलेली घडी कडेपर्यंत सारता येते. कडेकडून आत आलात तर ती मध्यावर साठते. मावशी मात्र कडेपासूनच आत शिवत जातात आणि त्यांच्या गोधडीत एक सुरकुती नसते, कारण त्या प्रत्येक टाक्याला डाव्या हाताने कापड पुढे सारतात. माझा तो हात तयार नाही.

आता टाके. आधी मशीन करून बघितलं. माझी उषा जुनी आहे, कापड पुढे ढकलणारे दाते खाली घेता येत नाहीत, म्हणून त्यावर पोस्टकार्ड चिकटवून रफूचा पाय लावला. कापड दोन्ही हातांनी हवं तसं फिरवायचं. हात जोरात आणि पाय हळू पडला तर टाका लांब होतो, उलट झालं तर दोरा तुटतो. नमुन्यावर हात बसला, पण मशीनची रेघ खोल आणि सलग बसते, पेनाने ओढल्यासारखी. पुन्हा तेच सुतळ्यांचं जाळं. मग मावशींचा धावदोरा. गडद राखाडी जाड दोरा, मोठी सुई, तांदळाच्या दाण्याएवढा टाका, दाण्याएवढीच मोकळी जागा, आणि ओळी अर्ध्या बोटावर.

"दोरा वढू नको लई. निजू दे त्याला," मावशी सारखं सांगायच्या. ओढला की कापड आक्रसतं. सैल ठेवला की दोन टाक्यांमधलं कापड किंचित वर येतं आणि तिथे लहानशी लाट होते.

खोडाच्या टाक्यांना मी काहीच आखलं नाही. वही समोर उघडी ठेवली आणि पेनाने ज्या दिशेने हात गेला होता त्या दिशेने सुई नेली. पायथ्याशी रुंद पसरणाऱ्या ओळी, वर चढताना एकमेकींजवळ येणाऱ्या, आणि फांदी फुटते तिथे वळसा घालून दाटणाऱ्या. त्या वळशाला तिसरी ओळ घातली आणि कापड आपोआप दुमडल्यासारखं उचललं गेलं. चुणी पडली. सावलीचा तुकडा मी तिथे लावलेलाच नव्हता, पण सावली होती, खरीखुरी, दोऱ्याच्या खाचेत पडलेली. मी सुई टोचून ठेवली आणि खिडकीत जाऊन उभी राहिले.

ऑगस्टभर रोज दुपारी दोन तास हेच. खोड दाट भरलं आणि आकाश विरळ राहिलं, त्याचा परिणाम दिसलाच. दाट टाक्यांनी खोड आक्रसलं, आकाशाला झोळ आले, कडा लाटेसारख्या झाल्या. मोजलं तर ८४ची रुंदी मधोमध ८० भरली आणि वरच्या कडेला ८३. टाके सगळीकडे सारखे दाट हवेत, नाहीतर सगळीकडे सारखे विरळ. हे मला माहीत होतं, पण खोडाच्या नादात सुटलं. आकाशात आडव्या ओळी वाढवल्या. मग सगळं गार पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, फरशीवर टेपपट्टीने मोजत काटकोनात ताणून ठेवलं. रंग कुठेही गेला नाही. पंख्याखाली वाळायला तीन दिवस लागले. खालची डावी कडा अजून बोटभर वर-खाली आहे.

गणपतीनंतर उरेब पट्टीने कडा बांधली आणि मावशींना वर बोलावलं. खिडकीशेजारच्या भिंतीला क्विल्ट तात्पुरती लावली होती. सकाळचं ऊन बाजूने येत होतं आणि खोडावरची एकेक ओळ उठून दिसत होती. रात्री ट्यूबलाइटमध्ये समोरून बघावं तर त्यातलं निम्मं दिसत नाही, म्हणून ती तिथेच राहणार हे नक्की होतं.

मावशींनी समोरून बघितलं, मान हलवली आणि पुढे होऊन खालचं टोक धरून क्विल्ट उलटी केली. गोधडी शिवणारी बाई आधी पाठ बघते. मी पाठ कधी धड बघितलीच नव्हती. कोऱ्या मांजरपाटावर ना रुबिया, ना शर्ट, ना बोगनवेल. फक्त राखाडी दोरा. पायथ्याशी पसरलेल्या रेघा, वर चढत जवळ येणाऱ्या, फांदीपाशी वळसा घेऊन दाटलेल्या. मोठी फांदी डावीकडे झुकलेली, तेवढाच फरक.

"हे बघ," मावशी म्हणाल्या, "तुझं चितार हिकडं हाय."

मी वही आणली आणि शेजारी धरली. टांगायला काठी घालायची कापडाची नळी मागच्या बाजूला शिवायची राहिली होती. ती दुसऱ्या दिवशी शिवली, अगदी वर, जिथे नुसतं आकाश आहे तिथे.